नाळेवरच्या कडीखालून गंजाचे ओघळ: उघडून बघू की बाहेरून सील करू?

हर्णै_३४फुटी

३४ फुटी फायबरची होडी, बांधणी २००६ ची. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीसाठी वर ओढली आहे, शाकारायच्या आधी धुताना दिसलं ते असं: नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, ओढायची कडी (१२ मिमी स्टेनलेसचा यू-बोल्ट) आहे, तिच्या खालच्या पायापासून तपकिरी ओघळ उतरलाय. कडी बाहेरून चकचकीत आहे. वर नांगराच्या रोलरची स्टेनलेस पट्टी चार १० मिमी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) बोल्टांवर बसवलीय, तिथेही तसेच ओघळ. आत, नांगराच्या साखळीच्या खणात, कडीचे नट सागाच्या ठोकळ्यावर आहेत. ठोकळ्यावर फायबरचा थर आहे, पण नटांभोवती ओल कायम असते.

एकाने सांगितलं, नट अर्धा फेरा आवळ आणि बाहेरून सिलिकॉन फिरव. तेवढ्यावर भागेल का?

गंज_तपासनीस

नाही भागणार, आणि नट आवळू तर मुळीच नका. अर्धवट खाल्लेला बोल्ट आवळला की तिथेच तुटतो किंवा तुटायला येतो.

स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. कडीचा बाहेरचा भाग वाऱ्यावर असतो म्हणून तो चमकतो. भोकाच्या आत खारं पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, पापुद्रा फुटतो आणि धातू एकाच जागी खोल खाल्ला जातो. ओघळ तिथून येतोय. बाहेरून सिलिकॉन लावलंत तर आतलं पाणी आतच कोंडेल, शिवाय त्या जागी पुढे ना रंग धरणार ना दुसरा सीलंट.

काढायच्या आधी ठोकळा ठोकून ऐका. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने कडीपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जा. खणखणीत आवाज असेल तिथे लाकूड घट्ट आहे, बद्द वाजलं तिथे कुजलंय किंवा थर सुटलाय. बद्द भागाची हद्द पेन्सिलीने आखून ठेवा.

नट जाम असेल तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. गॅसचा टॉर्च नको, फायबर पेट घेतं. तरीही सुटला नाही तर नट ग्राइंडरने उभा चिरा. ठिणग्या उडतात तिथे ओलं गोणपाट धरा आणि डिझेलचे कॅन आधी बाजूला न्या.

बाहेर काढलेली कडी साध्या लोखंडी ब्रशने घासू नका, लोखंडाचे कण रुतून नवा गंज धरतो. नायलॉनचा घासणा घ्या. मग भोकात असलेला भाग व्हर्नियरने मोजा. आटे जिथे सुरू होतात आणि कडी जिथे वाकते, त्या दोन जागा भिंगाखाली बघा.

हर्णै_३४फुटी

कडी काढली. खालचा पाय भोकाच्या मधोमध बारीक झालाय, सगळ्यात बारीक जागी ९.५ मिमी. वरचा पाय १२ चा १२ आहे, पण वाकणाजवळ केसासारखी रेघ दिसते. लोहचुंबकही हलका चिकटतो, म्हणजे माल नकली का? ठोकळा खालच्या नटाभोवती बोटभर कुजलाय, चहाच्या चोथ्यासारखा हाताला येतो. वरची बाजू कोरडी आणि टणक आहे.

गंज_तपासनीस

चुंबकावरून काही ठरत नाही. स्टेनलेसची ३०४ जात काय, ३१६ काय, गार वाकवलं की त्या जागी थोडा चिकटतोच. दोघांतला फरक मॉलिब्डेनमचा: ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं, ३०४ मध्ये नसतं. समुद्रावर ३१६ च घ्या. बोल्टच्या डोक्यावर ए४ असा शिक्का बघा, ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा माल.

१२ चे ९.५ म्हणजे काटछेद सुमारे ३७ टक्के गेला. रेघेची खात्री करायची तर डाय पेनेट्रंटचे (तडा रंगाने दाखवणाऱ्या फवाऱ्याचे) तीन कॅन मिळतात: साफ करायचा, लाल रंगाचा, पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल मारून १० ते १५ मिनिटं थांबा, कापडाने पुसा, पांढरा मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की ती तडा. पण तुमच्या कडीवर हा खर्च करूच नका, एका पायाच्या मापावरच ती बाद आहे.

लॅमिनेट_मालवण

ठोकळ्याचं सांगतो, कारण नवी कडी कुजक्या लाकडावर बसवली तर काम वाया.

आतला फायबरचा थर आखलेल्या हद्दीच्या ४०-५० मिमी बाहेरपर्यंत कापून काढा. कुजलेलं लाकूड टणक साग लागेपर्यंत खरवडा. मग सुकवा, आणि घाई इथेच नडते. पावसाळी हवेत ओलं लाकूड आपोआप सुकत नाही. ताडपत्रीच्या आत १०० वॅटचा साधा बल्ब आणि छोटा पंखा आठवडाभर चालू ठेवा. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा, सकाळी आत दव दिसलं तर अजून सुकवा.

खड्ड्यात सागाचा नवा तुकडा एपॉक्सीत (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या राळेत) बसवा. वर थर देताना कडा ४० नंबरच्या पेपरने उतरत्या करा, १ मिमी जाडीला निदान १० मिमी उतार. जुन्या फायबरवर पॉलिएस्टर राळेपेक्षा एपॉक्सीची पकड चांगली. फक्त एपॉक्सीबरोबर नेहमीची चॉप मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) वापरू नका: तिच्यातला धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही. शिवलेलं बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) कापड घ्या. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. दमट हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने घासून धुवा आणि मगच पेपर मारा.

आता भोकं. १२ ऐवजी २० मिमीची पाडा, एका बाजूला टेप लावून एपॉक्सी आणि सिलिकाची पूड श्रीखंडाइतकं घट्ट कालवून भरा. एका दमात भरू नका, जाड गोळा तापून तडकतो. दोन वेळा भरा, २४ तास थांबा, मग मधोमध १२ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती ४ मिमीची एपॉक्सीची भिंत झाली, सीलंट फुटला तरी पाणी सागापर्यंत जात नाही. पहिल्या बांधणीत एवढंच राहून गेलं होतं.

नटांखाली सुटे वॉशर नकोत, ३१६ ची ६ मिमी पट्टी द्या, कोपरे गोल केलेली. नाळ आतून व्ही आकाराची असते, पट्टी सपाट टेकत नाही. तिच्याखाली तीच घट्ट एपॉक्सी भरून बैठक करा, नाहीतर सगळा ताण दोन कडांवर येतो.

गंज_तपासनीस

बसवताना बाहेरून भोकाच्या तोंडाला ४५ अंशांची छोटी खाच द्या, सीलंट तिथे वॉशरसारखा गोळा होतो. पॉलियुरेथेनचा सीलंट वापरा, हवेतला दमटपणा त्याला चालतो, पृष्ठभाग मात्र कोरडा हवा. सीलंट फक्त बाहेरच्या बाजूला. आतून बंद केलंत तर उद्याची गळती दिसणार नाही. कडी हलू देऊ नका, फक्त नट फिरवा, आणि आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की अध्येमध्ये कायमचं जाम होतं. हातपानाच वापरा, इम्पॅक्ट गन नको.

रोलरचं दुखणं वेगळं आहे. मोठी स्टेनलेस पट्टी आणि तिच्यात छोटे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, मध्ये खारं पाणी, म्हणजे आधी बोल्टचं जस्त जातं आणि मग लोखंड. चारही बोल्ट ३१६ चे करा. त्यांच्या भोकांनाही वर सांगितलेलं २० मिमीचं काम करा.

खणाचं पाणी जायचं भोक गाळाने बुजलंय का बघा. ओल कायम राहते ती बहुतेक त्यामुळेच.

हर्णै_३४फुटी

भोक बुजलेलंच होतं. साखळी १० मिमीची आहे, तीही बदलू का?

लॅमिनेट_मालवण

साखळीच्या कड्या एकमेकांत घासतात त्या जागी मोजा, मधल्या सरळ भागावर नाही. ९ मिमीच्या खाली गेली असेल तर बदला. झीज फक्त नांगराकडच्या दोन-तीन मीटरची असेल तर तेवढी कापून टोकं उलटी करा. शॅकलची (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची) पिन गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा.

सीलंट सुकला की आत नटांभोवती खडूची पूड फासा आणि बाहेरून दहा मिनिटं गोड्या पाण्याची नळी धरा. पुडीत ओली रेघ आली तर ती कडी तशीच पाण्यात नेऊ नका, पुन्हा काढून बसवा.