सासूबाईंना सीओपीडी आहे, पहाटेचं फिरणं बंद करावं का?

धायरीची सून:
सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. बिडी-तपकीर काहीच नाही, तरी स्पायरोमेट्रीत (नळीत जोरात फुंकायला लावून फुफ्फुसं तपासतात ती) सीओपीडी निघालं, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "चूल किती वर्षं?" वेल्ह्याकडच्या घरी लग्न होऊन आल्या तेव्हापासून इथे फ्लॅटमध्ये येईपर्यंत चूलच. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी, आणि धुराडं नावालाच.

आता श्वासातून औषध ओढायचा पंप चालू आहे. पण रोज पहाटे साडेपाचला त्या कालव्याच्या कडेनं फिरायला जातात आणि दिवाळीनंतर खोकत परत येतात. समोर बिल्डिंगचं काम, कोपऱ्यावर कुणीतरी पाला पेटवलेला. मी मोबाइलवर बघते तर हवा 'समाधानकारक'! नवरा म्हणतो, आपण काय दिल्लीत राहतो का? फिरणं थांबवू? एअर प्युरिफायर घेऊ?

पर्वतीवाले काका:
फिरणं अजिबात थांबवू नका. पहाटेची हवा म्हणजे अमृत. आम्ही नोकरीत असल्यापासून अंधारात पर्वती चढतोय, औषधाची गोळी माहीत नाही.

पाषाणकर:
काका, पावसाळ्यात तुमचं म्हणणं खरं आहे, थंडीत नाही. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवाही. वर उबदार थर राहतो, त्यामुळे धूर-धूळ खालीच कोंडते. ऊन तापलं की हवा वर-खाली होऊन ती विरते. म्हणजे पहाट ही नेमकी वाईट वेळ.

आता 'समाधानकारक'चं. आपल्याकडे तो शब्द पीएम 2.5, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे हवेतले अगदी बारीक कण, चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा आहे 15. शिवाय सरासरीत दुपारची बरी हवा मिसळली की पहाटेचा आकडा झाकला जातो. आणि यंत्र बसलंय शिवाजीनगरला नाहीतर कात्रजला. तुमच्या कोपऱ्यावरचा पाला त्याला कसा दिसणार? दिल्लीशी तुलना करून तर काहीच होणार नाही.

नर्सताई:
चुलीबद्दल डॉक्टरांनी बरोबर विचारलं. न ओढणाऱ्या बायकांना हा आजार आपल्याकडे बहुतेक त्यामुळेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा अंदाज आहे की घरातल्या धुरानं वर्षाला 32 लाख माणसं मरतात, आणि ती बहुतेक गरीब देशांतली.

चालणं बंद केलं तर पायांची ताकद जाते आणि दम आणखी लागतो, तेव्हा चालू द्या, फक्त वेळ बदला. पाला जळत असेल त्या दिवशी रस्ताही बदला. एन 95 मास्क (बारीक कण अडवणारा) नाकावर घट्ट बसला तरच उपयोग. साध्या रुमालाने बारीक कण अडत नाहीत, पण एन 95 ने दम कोंडत असेल तर जबरदस्ती नको, डॉक्टरांना विचारा.

प्युरिफायरआधी एक सांगा, रात्री मच्छरांची कॉइल लावता का? एका कॉइलमधून 75 ते 137 सिगरेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलंय. ती आणि देवघरातला धूप बंद न करता यंत्र घेण्यात अर्थ नाही. घ्यायचंच तर हेपा फिल्टरचं (बारीक कण अडवणारी जाळी), त्यांच्या झोपायच्या खोलीपुरतं. पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरायला लावा, आणि फ्लूच्या लसीचं विचारा.

धायरीची सून:
कॉइल आजपासून बंद, जाळीवाल्याला फोन केलाय. धुपावर घरात चर्चा सुरू आहे, ती लांबेल. पण सकाळी नऊला फिरा म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "नऊला माझ्या बाकीच्या जणी कुठे भेटायच्या?"

नर्सताई:
मग त्या सगळ्यांनाच संध्याकाळी साडेचारला बोलवा. एकीला दम लागतो म्हणजे आणखी दोघींना लागत असणार, चुली त्यांच्याही होत्याच की.