4 ओहमचे टॉवर स्पीकर: मोठा रिसीव्हर घ्यावा की वेगळा अ‍ॅम्प? मदत हवी आहे

धागाकर्ता, बडोदा

नमस्कार मंडळी. रावपुऱ्यातल्या जुन्या घरातला हॉल आहे, 14 बाय 18 फूट. भिंती जाड विटांच्या, बसायची जागा स्पीकरपासून साडेतीन मीटर. सामान असं:

- होम थिएटरचा 7.2 रिसीव्हर (सात स्पीकर, दोन सबवूफरची सोय, अ‍ॅम्प आतच), 8 ओहमला 105 वॅट (दोन चॅनल चालू असताना). मागे सगळ्या चॅनलचे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारे सॉकेट) आहेत.
- पुढच्या टॉवरचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) 4 ओहम, कमीत कमी 3.2 ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला निघणारा आवाज) 86 डीबी (2.83 व्होल्ट, 1 मीटर).
- सेंटर त्याच सिरीजचा, मागचे बुकशेल्फ 6 ओहम, 12 इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (स्वतःचा अ‍ॅम्प असलेला खर्जाचा स्पीकर).

माइकने कॅलिब्रेशन केलंय, त्यात टॉवर 'लार्ज' (म्हणजे खर्जही त्यांच्याकडेच) आलेत. आवाज -12 वर नेला की मारामारीच्या प्रसंगात संवाद कर्कश होतात आणि कधी कधी रिसीव्हर बंद पडून लाल दिवा लुकलुकतो. 150 वॅटचा मोठा रिसीव्हर घ्यावा की वेगळा पॉवर अ‍ॅम्प? मेनूत 4 ओहमची सेटिंग आहे, ती लावू का? टॉवरना बाय-अ‍ॅम्प (एका टॉवरला अ‍ॅम्पचे दोन चॅनल) करून उपयोग होईल का?

खर्ज

खरेदीचं नंतर बघू. प्लग काढा, आणि स्पीकरच्या व रिसीव्हरच्या प्रत्येक टर्मिनलला तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकते का ते टॉर्च लावून बघा. प्रोटेक्शनमध्ये जाण्याचं, म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडण्याचं, हे अगदी नेहमीचं कारण आहे. बनाना प्लग लावले की प्रश्नच मिटतो.

वायर किती जाडीची आहे तेही सांगा. एका बाजूचं अंतर 7 मीटर असेल तर 2.5 चौरस मिमीच्या मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.1 ओहम होतो. स्पीकरच्या किमान इम्पिडन्सच्या 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे तुमच्याकडे 0.16 च्या आत, तो राहायला हवा. 1 चौरस मिमीची वायर पाव ओहमच्या पुढे जाते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घेऊ नका.

डेसिबल_८६

दुखणं 'लार्ज'मध्ये आहे असा माझा अंदाज आहे. आकडे मांडून दाखवतो.

तुमचे 86 डीबी 2.83 व्होल्टवरचे आहेत. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॅट, पण 4 ओहमला 2 वॅट. म्हणजे खऱ्या 1 वॅटला तुमचा स्पीकर 83 डीबीच देतो. साडेतीन मीटरवर मोकळ्या जागेत 11 डीबी घटतात, बंद खोलीत भिंती त्यातले 3 परत देतात असं धरू. मग 2.83 व्होल्टला तुमच्या कानाशी 78 डीबी.

कॅलिब्रेशननंतर आवाज 0 वर असताना एका चॅनलचं शिखर 105 डीबी असतं. -12 वर ते 93. म्हणजे आणखी 15 डीबी हवेत: साधारण 16 व्होल्ट, 4 ओहमला 63 वॅट. एवढं तुमचा रिसीव्हर देईल. पण टॉवर 'लार्ज' असल्यामुळे खालचा सगळा खर्जही त्याच्यावरच पडतो, आणि रूम करेक्शनने (कॅलिब्रेशनने केलेल्या खोलीच्या दुरुस्तीने) 50 हर्ट्झला 6 डीबी चढवले असतील तर त्या पट्ट्यात चौपट पॉवर लागते, म्हणजे 250 वॅट. शिवाय इम्पिडन्सची घसरण खर्जातच असेल आणि तिथेच फेज अँगल (व्होल्टेज आणि करंट यांच्या चढ-उतारातला फरक) मोठा असेल, तर आउटपुट ट्रान्झिस्टर वॅटच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात. तीन पुढचे चॅनल एकाच ट्रान्सफॉर्मरवर, त्यामुळे टॉवरांनी करंट ओढला की सेंटर उपाशी राहतो. संवाद कर्कश होतात ते म्हणून.

आजच करा: टॉवर आणि सेंटर दोन्ही 'स्मॉल', क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ (त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो), सबवूफरला 'एलएफई + मेन' न ठेवता फक्त 'एलएफई' (एलएफई म्हणजे सिनेमातला खर्जाचा वेगळा चॅनल). टॉवर कितीही उंच असले तरी हेच. तोच प्रसंग परत लावा. कर्कशपणा गेला तर पैसे वाचले.

150 वॅटच्या रिसीव्हरचं म्हणाल तर 105 वरून 150 म्हणजे दीड डीबी, कानाला जेमतेम कळेल एवढं. शिवाय तो आकडा 6 ओहम, एकच चॅनल, 10 टक्के डिस्टॉर्शन असा छापलेला असेल तर तुलनाच होत नाही.

सूरसागर_काठ

वरच्याशी पूर्ण सहमत. बाकी दोन प्रश्नांची उत्तरं देतो.

4 ओहमची सेटिंग: बहुतेक रिसीव्हरांत ती अ‍ॅम्पला मिळणारा व्होल्टेज किंवा करंट आवळते. रिसीव्हर थंड राहतो, पण क्लिपिंग (अ‍ॅम्पची हद्द संपून आवाज फाटणं) लवकर येतं. तुमची तक्रार क्लिपिंगचीच आहे. रिसीव्हर तापतो म्हणून ती लावायची वेळ येत असेल तर त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करा.

बाय-अ‍ॅम्प: नको. रिसीव्हरमधले रिकामे दोन चॅनल त्याच पॉवर सप्लायवर असतात. एकाच टाकीला आणखी एक नळ बसवल्याने पाणी वाढत नाही.

अ‍ॅम्प घ्यायचाच झाला तर दोन चॅनलचा पुरे, टॉवरांपुरता. सेंटर आणि मागचे रिसीव्हरवर राहू द्या, कारण टॉवर उतरले की त्याचा सगळा सप्लाय त्यांना मोकळा होतो. 4 ओहमला किमान 200 वॅट स्पष्ट लिहिलेला घ्या. फक्त 8 ओहमचा आकडा देणारा नको. क्राउन एक्सएलएस 1502 या कामाला चांगला: 8 ओहमला 300, 4 ओहमला 525 वॅट, आरसीए इनपुट आहेत, वजन चार किलोच्या आसपास. त्यात पंखा आहे, अगदी शांत खोलीत कान लावला तर ऐकू येईल. तो खटकणार असेल तर हायपेक्सच्या एनसी252एमपी मॉड्यूलवर बनलेला अ‍ॅम्प बघा, 4 ओहमला 250 वॅट, पंख्याशिवाय.

जोडणीचा क्रम:

1. रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटमधून अ‍ॅम्पला आरसीए केबल, दोन मीटरच्या आत. पॉवरच्या वायरींना समांतर नेऊ नका.
2. रिसीव्हरमध्ये फ्रंट चॅनलसाठी प्री-अ‍ॅम्प मोड असेल तर चालू करा. आतला अ‍ॅम्प बाजूला होतो आणि प्री-आउट जास्त व्होल्टेजपर्यंत स्वच्छ राहतो.
3. एक्सएलएसमध्ये इनपुट सेन्सिटिव्हिटी 1.4 व्होल्ट, मोड स्टिरिओ, त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर बंद. या सेटिंगला 200 वॅटसाठी प्री-आउटकडून एक व्होल्टही लागत नाही. ब्रिज मोड (दोन चॅनल जोडून एक करणं) अजिबात नको: ब्रिजमध्ये प्रत्येक बाजूला निम्मा इम्पिडन्स दिसतो, म्हणजे तुमच्या 3.2 ओहमच्या घसरणीला 1.6 ओहम.
4. कॅलिब्रेशन नव्याने. फ्रंटची ट्रिम (चॅनलची ठरवलेली पातळी) -12 च्या टोकाला चिकटली तर अ‍ॅम्पचा नॉब थोडा उतरवून परत करा. त्यानंतर नॉबला हात लावायचा नाही, मुलांनाही सांगून ठेवा.
5. कॅलिब्रेशन टॉवरना पुन्हा 'लार्ज' करून ठेवेल. परत 'स्मॉल', 80.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरमध्ये धप्प आवाज येतो.

धागाकर्ता, बडोदा

खूप आभार. एक सुटी तार खरंच टर्मिनलला टेकत होती, काढली. 'स्मॉल' आणि 80 केल्यावर -12 ला संवाद साफ आहेत, रिसीव्हर बंद पडला नाही. पण घरच्यांना सिनेमा -5 वर हवा असतो, तिथे अजून ताण जाणवतो. तेव्हा अ‍ॅम्प घ्यावाच लागेल ना? आणि एक चिंता: हॉलमधला टीव्हीमागचा बोर्ड जुना, दोन पिनांचा आहे.

डेसिबल_८६

हो, घ्या. -5 वर शिखराला साधारण 36 व्होल्ट, 4 ओहमला 317 वॅट लागतील. तुमचा रिसीव्हर 105 वॅटच्या हिशोबाने 29 व्होल्टला थांबतो. खर्ज सबवर गेल्याने गरज खाली येते, तरी मोकळी जागा हवीच. सेंटरवरही तेवढाच भार आहे हे लक्षात ठेवा. अ‍ॅम्प आल्यावर सेंटर ताणला तर त्याचा क्रॉसओव्हर 100 करून बघा.

वायरमन_दांडियाबाजार

त्या बोर्डावर अ‍ॅम्प जोडू नका. आधी मेन बोर्डापासून फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही 2.5 चौरस मिमी तांब्याच्या, नव्या ओढून 16 अँपिअरचा सॉकेट बसवून घ्या. एमसीबी सी कर्व्हची, कारण टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो आणि बी कर्व्हची उडते. रिसीव्हर, अ‍ॅम्प, सबवूफर, टीव्ही सगळं याच सॉकेटच्या एका एक्स्टेंशनवर. वेगवेगळ्या खोल्यांच्या बोर्डांवरून घेतलं तर ग्राउंड लूपची (उपकरणांच्या अर्थमधल्या फरकामुळे येणारी) घुंई ऐकू येते.

तरीही घुंई आली तर डिशची किंवा केबलची कोअ‍ॅक्सियल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबली तर तिथे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा तुकडा) लावा. घुंई घालवायला अ‍ॅम्पची अर्थ पिन कापणारे लोक आहेत. तसं केलं आणि आत बिघाड झाला तर पत्रा जिवंत होतो, माणूस मरू शकतो.

उन्हाळ्यात बडोद्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा रिसीव्हर बंद कपाटात नको, वर निदान 15 सेंटीमीटर मोकळं ठेवा. काम झाल्यावर वायरमनकडून मीटरने मोजून घ्या: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही जवळजवळ सारखं, 230 व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा शेवटचा आकडा वाढलेला दिसला तर अर्थिंगचा खड्डा आणि न्यूट्रलचे जोड तपासून घ्या, अ‍ॅम्प त्यानंतर.