तेलक्षेत्रात परत सोडायच्या धूरवायूचे गुणधर्म: पाण्यासाठी कोणते समीकरण घ्यावे? मदत हवी आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

मी नांदेडला रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तेलक्षेत्रावरील गॅस इंजिनांचा एक्झॉस्ट, म्हणजे धूरवायू, थंड करून, कॉम्प्रेसरने 200 बारपर्यंत दाबून तेलाच्या थरात परत सोडायचा असेल, तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर त्याची घनता, श्यानता आणि त्यातील पाण्याचे प्रमाण किती असेल, हे गणिताने आधीच काढणे हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. मराठवाड्यात धूरवायूचा अनुभव म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर, आणि तिथे वायू चिमणीतून गेला की हिशेब संपतो. त्यामुळे इतक्या दाबाबद्दल विचारावे असे जवळपास कोणी नाही.

कोरड्या वायूत नायट्रोजन 87, कार्बन डायऑक्साइड 10 आणि ऑक्सिजन 3 टक्के धरला आहे. इंधन मिथेन असल्याने कार्बन डायऑक्साइडच्या दुप्पट पाणी तयार होते, म्हणजे थंड करण्यापूर्वीच्या ओल्या वायूत ते 16 ते 17 टक्के भरते. (विश्लेषक यंत्र बहुधा कोरड्या वायूचे आकडे दाखवते, हे ध्यानात ठेवावे लागते.)

घनतेची फारशी अडचण नाही. 200 बार आणि 80 अंश सेल्सिअसला आदर्श वायूच्या सूत्राने घनमीटरला सुमारे 202 किलो, तर पेंग-रॉबिन्सन समीकरणाने (खऱ्या वायूचा दाब, तापमान आणि घनता यांचा संबंध सांगणारे सूत्र) सुमारे 197 किलो येते. 2,000 मीटर खोल विहिरीत या वायूस्तंभाचा दाब 38-39 बार होतो, त्यात दोन टक्क्यांची चूक धरली तरी फरक एका बारच्या आतच राहतो.

अडचण पाण्याची आहे. इंटरकूलरनंतर (कॉम्प्रेसरच्या दोन टप्प्यांमधला शीतक) 40 अंशांना राउल्टच्या नियमाने, म्हणजे पाण्याच्या बाष्पदाबाला एकूण दाबाने भागून, 40 बारवर सुमारे 0.18 टक्के आणि 200 बारवर सुमारे 0.037 टक्के पाणी उरते, परंतु पेंग-रॉबिन्सनमध्ये पाण्याचे द्विघटक गुणांक (पाणी आणि दुसरा एक वायू यांच्या जोडीसाठीचे दुरुस्तीचे आकडे) बदलले की उत्तरही बदलते. ड्रायरचा आकार याच आकड्यावर ठरणार आहे, आणि कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन दोन्ही असलेल्या वायूतून ट्यूबिंगमध्ये (विहिरीतल्या नळीत) पाणी सुटले तर साधे पोलाद झपाट्याने गंजेल. कोणते गुणांक घ्यावेत? श्यानतेसाठी ली-गोन्झालेझ-ईकिन सूत्र चालेल का?

प्रतिसाद:

राउल्टचा 200 बारचा आकडा ड्रायरसाठी वापरू नका, तो कमी येतो. 40 अंशांना 200 बारच्या दाबानेच द्रव पाण्याची फ्युगॅसिटी (वाफ होऊन निसटण्याची प्रवृत्ती) सुमारे 15 टक्क्यांनी वाढते, आणि वायूचे रेणू पाण्याच्या रेणूंना ओढून धरतात त्याची भर वेगळी. सोराइड आणि व्हिटसन यांनी 1992 मध्ये पेंग-रॉबिन्सनमध्ये केलेला बदल घ्या. त्यात जलीय द्रवासाठी आणि वायूसाठी वेगवेगळे गुणांक असतात. वायूकडे पाणी-कार्बन डायऑक्साइडसाठी 0.1896 आणि पाणी-नायट्रोजनसाठी 0.4778. दोन्हीकडे एकच गुणांक लावला तर एक बाजू जुळते आणि दुसरी सुटते. घनता ताडून पाहायला जीईआरजी-2008 हे वायुमिश्रणांचे अधिक अचूक समीकरण घ्या. तुमचे चारही घटक त्यात आहेत.

ली-गोन्झालेझ-ईकिन (1966) हायड्रोकार्बन वायूंच्या मोजमापांवर बेतलेले आहे, तेव्हा 87 टक्के नायट्रोजनच्या वायूला ते लावण्यात अर्थ नाही. श्यानतेसाठी लुकास पद्धत बरी. लोरेंझ-ब्रे-क्लार्क या श्यानतेच्या दुसऱ्या सूत्रात घनतेची चौथ्या घातापर्यंतची बहुपदी येते, म्हणून घनतेतली चूक तिथेही उतरते.

गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बलोल आणि संथाल तेलक्षेत्रांत थरातच तेल जाळतात, म्हणजे धूरवायू तिथेही तयार होतो. तिथून वर येणाऱ्या वायूत हायड्रोकार्बनही असतात, म्हणून त्याचे आकडे आपल्या मिश्रणाला लावू नका. बहुतेक पाणी पहिल्या काही इंटरकूलरांतच गळून जाते, म्हणून ड्रायर मधल्या दाबावर बसवण्याचा विचार करा. विहिरीच्या तोंडाशी हिवाळ्यात किमान तापमान किती धरले आहे, ते कळवा. दवबिंदूची (वायूतून पाणी सुटू लागते त्या तापमानाची) मर्यादा त्यावरूनच ठरवावी लागेल.