घाटमाथ्यावरच्या पावसात कॅमेरा-ड्रोन उडवावा का?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील भातलावणीवर मी एक लघुपट तयार करत असून त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटाच्या परिसरात चित्रीकरण करायचे आहे. इरली पांघरून, ओणव्या होऊन लावणी करणाऱ्या बायका, तुडुंब भरलेली खाचरे आणि वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा ही दृश्ये वरून दाखवल्याशिवाय त्या पट्ट्याची घडण प्रेक्षकाला कळणार नाही, असे मला मनापासून वाटते. माझ्याकडे २४९ ग्रॅम वजनाचा, घडी होणारा ड्रोन आहे. पाऊस, हिमवर्षाव आणि धुके यांत उड्डाण करू नये, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र त्या दिवसांत घाटमाथ्यावर पूर्ण कोरडा दिवस मिळणे कठीण असते. रिमझिम पावसात थोडा वेळ उड्डाण केल्यास नेमका कोणत्या भागाला धोका असतो? बाजारात मिळणारी जलरोधक आवरणे किंवा सर्किटवर लावायचा लेप यांचा उपयोग होतो का? शिवाय हिवाळ्यात हाच ड्रोन स्पितीला न्यायचा विचार आहे, तर बर्फात वेगळी कोणती काळजी घ्यावी लागेल?

डोंगरवाट

माझा अनुभव सांगतो. भुरभुर पाऊस असताना मी असाच छोटा ड्रोन अनेकदा उडवलेला आहे आणि त्याला काहीही झालेले नाही. पंख्यांच्या वाऱ्याने पाणी बाजूला फेकले जाते. खाली उतरवल्यावर कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवला की पुरते. मुसळधार पावसात मात्र उडवू नये.

तारतंत्र

मी ड्रोनदुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे डोंगरवाट यांच्या मताशी सहमत होणे मला अवघड जाते. उड्डाण सुखरूप पार पडले म्हणजे पाणी आत गेले नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. मोटरांची काळजी त्या मानाने कमी असते. या ब्रशविरहित मोटरांच्या तारांवर विद्युतरोधक लेप असतो आणि पाण्याने फार तर त्यांची बेअरिंगे काही काळाने गंजतात. खरा नाजूक भाग कवचाच्या आत आहे. मोटरांना वीज पुरवणारे नियंत्रक, मुख्य सर्किट आणि गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेची) कागदासारखी पातळ पट्टी-तार यांना थंड ठेवण्यासाठी कवचाला फटी ठेवलेल्या असतात आणि हवा खेळती राहिली की तिच्यासोबत तुषारही आत जातात. पावसाचे पाणी स्वतः विजेचे फारसे चांगले वाहक नसते, पण सर्किटवरची धूळ आणि क्षार त्यात विरघळले की वीज चालू असलेल्या दोन बिंदूंमध्ये तांब्याची झीज सुरू होते. ही झीज कापडाने पुसून थांबत नाही. आमच्याकडे येणारे पुष्कळ ड्रोन पावसात भिजल्यानंतर काही आठवडे व्यवस्थित उडालेले असतात आणि मग एखाद्या स्वच्छ, कोरड्या दिवशी हवेत असतानाच त्यांचा एक नियंत्रक बंद पडतो. चार मोटरांच्या ड्रोनची एक मोटर थांबली की त्याचा तोल राहत नाही; तो सावरून उतरवायला उड्डाणकर्त्याला वेळच मिळत नाही आणि खाली खाचरात माणसे काम करत असतील, तर प्रश्न केवळ यंत्राच्या किमतीचा उरत नाही.

लेपाविषयी विचारलेत. सर्किटवरचा लेप उपयोगी असतो, परंतु जोडण्यांच्या टोकांवर, कॅमेऱ्यावर आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या छिद्रावर तो लावता येत नाही. त्यासाठी ड्रोन उघडावा लागतो आणि हमीवर पाणी सोडावे लागते, ते वेगळेच. सिलिकॉनची आवरणे पाणी अडवतात. मात्र तीच फटीही झाकत असतील तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. पावसातही उडण्यासाठी बनवलेले ड्रोन अस्तित्वात आहेत. उदाहरणार्थ, डीजेआय या कंपनीच्या मॅट्रिस ३० ला आयपी५५ हे धूळ आणि पाणी रोखण्याचे मानांकन आहे. तो पावणेचार किलोंच्या आसपास वजनाचा असल्यामुळे ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २ ते २५ किलोंच्या लघु गटात मोडतो आणि तो चालवण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. लघुपटासाठी तो भाड्याने घ्यायचा झाला, तर प्रमाणपत्र असलेला चालकही सोबत घ्यावा, हे उत्तम.

तुमचा ड्रोन भिजलाच, तर तो चालू करून पाहण्याचा मोह आवरा. बॅटरी लगेच काढा, ती घरातल्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. तांदळात पुरून ठेवल्याने आतले पाणी निघत नाही, उलट पीठ फटींमध्ये जाते. कवच उघडून सर्किट शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणे हाच खात्रीचा उपाय आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी असल्यामुळे गमावलेल्या ड्रोनच्या जागी तसाच दुसरा आणणे सोपे राहिलेले नाही, हेही हिशेबात धरावे.

घाटवारा

पावसाबद्दल वर नेमके लिहिले गेले आहे. नाणेघाटाच्या बाबतीत मला वारा आणि ढग यांचीच भीती अधिक वाटते. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळतो, त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो आणि कड्याच्या ओठावर तो सर्वांत जोरात वाहतो. धबधबा उलटा उडतो तो यामुळेच. तुमच्या गटातील ड्रोनची वाऱ्याला तोंड देण्याची मर्यादा साधारणपणे सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास सांगितली जाते. खाली पडणारे पाणी जो वारा माघारी फेकतो, त्याच्या झोतात पाव किलोचे यंत्र नेणे योग्य नाही, शिवाय तिथले तुषार खालून वर येतात, म्हणजे पोटाकडून. हा धबधबा कड्याच्या बाहेरून टिपण्याचा आग्रह सोडावा आणि ओठापासून बरेच मागे, पठाराच्या बाजूने, तिरप्या कोनातून दृश्य घ्यावे. पठारावर पूर्वेकडे फार लांब जाऊ नये, कारण परतताना समोरून वारा लागतो आणि जाताना लागली त्यापेक्षा कितीतरी अधिक बॅटरी खर्च होते.

ढग कड्यावरून वर येऊ लागला की पाहता पाहता ड्रोन दिसेनासा होतो. अशा वेळी ‘रिटर्न टू होम’ दाबले की उपग्रहांच्या आधारे तो परत येतो, हे खरे. पण उतरताना अडचण होऊ शकते. पोटाखालचा अवरक्त सेन्सर दाट धुक्यालाच जमीन समजतो आणि काही ड्रोन तिथेच थबकतात किंवा वर चढू लागतात. भरलेल्या खाचरांवरही अशीच फसगत होते. खालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा पाहून जागा धरून ठेवतो आणि वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यावर त्या खुणाच सरकत असतात, त्यामुळे पाण्यावर अगदी खाली तरंगत राहू नये. पावसामुळे संपर्क तुटतो असे पुष्कळांना वाटते, परंतु २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी किलोमीटरभर अंतरात पावसाने फारशा क्षीण होत नाहीत. मध्ये डोंगराची धार किंवा ओली दाट झाडी आली तर मात्र होतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. हरित क्षेत्रातील, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येणाऱ्या भागातील, १२० मीटरची मर्यादा जमिनीपासूनची असते, तर पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाण केलेल्या जागेपासूनची असते. कड्याच्या बाहेर गेल्याबरोबर खालची जमीन कित्येक शे मीटर खोल जाते आणि पडद्यावर ५० मीटर दिसत असतानाच मर्यादा ओलांडलेली असते. ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहावा आणि वनखात्याकडेही विचारणा करावी. जवळचा हरिश्चंद्रगड तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येतो.

उत्तरदिशा

मी कॅनडात कॅलगरीला राहतो, म्हणून बर्फापुरते लिहितो. कडाक्याच्या थंडीतले भुसभुशीत, कोरडे हिम कवचावरून घरंगळून जाते. शून्य अंशाच्या आसपास पडणारे ओले हिम अधिक त्रासदायक, कारण ते गरम कवचावर वितळून आत झिरपते. सर्वांत धोकादायक म्हणजे शून्याखालच्या तापमानातले धुके. त्यातील थेंब द्रवरूपच असतात आणि पात्याच्या पुढच्या कडेला स्पर्श होताच गोठतात. पात्याचा आकार बिघडला की उचल कमी होते, मोटरा अधिक जोराने फिरू लागतात आणि बॅटरी झपाट्याने उतरते; हे सारे काही मिनिटांत घडू शकते. पंख्यांचा आवाज बदलला तर लगेच उतरवावे. येथील विमानवाहतूक नियमांत २५० ग्रॅमपासून २५ किलोंपर्यंतचे ड्रोन, त्यांच्या कोणत्याही भागावर दहिवर, बर्फ किंवा हिम चिकटलेले असताना उडवण्यास मनाई आहे. तुमचा ड्रोन त्या वजनात बसत नसला, तरी तीच शिस्त पाळावी.

लिथियम बॅटरी थंडीत दिसते तेवढी भरलेली नसते, कारण तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लावताच व्होल्टेज कोसळते. बॅटऱ्या अंगावरच्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवाव्यात, उड्डाण घेताच ड्रोन मिनिटभर डोक्याइतक्या उंचीवर स्थिर ठेवून त्या गरम होऊ द्याव्यात आणि ४० टक्के उरताच परत फिरावे. अशा बहुतेक ड्रोनना उणे १० अंशांची मर्यादा असते. स्पितीत हिवाळ्यात पारा त्याच्या बराच खाली जातो, त्यामुळे दुपारचीच वेळ निवडावी. स्पितीतले काझा गाव सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि लहान ड्रोनची समुद्रसपाटीपासूनची उड्डाण-उंची अनेकदा ४,००० मीटरपर्यंतच दिलेली असते. ताज्या हिमावरून थेट उडवल्यास ते उसळून गिंबलमध्ये जाते, म्हणून चटई अंथरावी. परतल्यावर ड्रोन बंद पिशवीत ठेवूनच उबदार खोलीत न्यावा आणि तो खोलीइतका कोमट झाल्यावरच पिशवी उघडावी; तसे न केल्यास आतल्या भागांवर दव धरते.

माळरान

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पावसात उडवण्याचा विचार मी सोडला असून उघडिपीची वाट पाहणार आहे. उघडीप मिळालीच तर ती थोड्या वेळाचीच असेल. तेवढ्यात आधी काय टिपावे आणि प्रकाशाची मांडणी कशी ठेवावी?

घाटवारा

आधी खाचरे घ्यावीत, धबधबा नंतर. धबधबा दुसऱ्या दिवशीही असेल, पण लावणी उरकून बायका पुढच्या खाचरात गेल्या की ते दृश्य गेले. आदल्या दिवशीच त्यांना भेटून चित्रीकरणाची कल्पना द्यावी आणि ड्रोन त्यांच्या डोक्यावरून न नेता बांधाच्या बाजूने ठेवावा. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन पांढरे धुके आणि हिम राखाडी करून टाकते, तेव्हा तिथे प्रकाश दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावा. खाचरांत आभाळ उजळ उमटत असेल तर मात्र वाढवू नये आणि हिस्टोग्रामचे, म्हणजे पडद्यावरच्या प्रकाश-आलेखाचे, उजवे टोक कापले जात नाही ना, हे पाहत राहावे. दर उड्डाणानंतर भिंगावरचा थेंब तपासावा, कारण लहान पडद्यावर तो दिसत नाही आणि संकलनाच्या वेळी सगळे दृश्य वाया गेलेले आढळते.