ट्रॅक्शन कंट्रोल लावून काम भागणार नाही

वर कुणीतरी सुचवलंय की 'असेटो कोर्सा' या रेसिंग गेममध्ये फेरारी एफ४० वळणातून निघताना गरकन फिरते, तर सरळ ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू लागली की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी सोय) चालू करा. पण असिस्ट, म्हणजे गेममधल्या मदतीच्या सोयी, 'फॅक्टरी'वर (मूळ गाडीत होत्या तेवढ्याच) असतील तर तो पर्याय उरतच नाही, कारण मूळ गाडीतच ते नव्हतं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा नव्हतं.

मूळ दुखणं टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं आहे. २.९ लिटरचं व्ही८, दोन टर्बो आणि ४७८ हॉर्सपॉवर. मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनमधून (लागोपाठच्या उलटसुलट वळणांतून) बाहेर पडताना तुम्ही अर्धा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) देता, काहीच होत नाही, म्हणून अजून दाबता. तेवढ्यात बूस्ट (टर्बोचा उशिरा येणारा जादा जोर) येतो, मागचे टायर सुटतात आणि गाडीचं तोंड उलटं, पिट्सकडे! म्हणजे चूक घडते एक सेकंद आधी, दिसते नंतर. म्हणून थ्रॉटल थोडा लवकर, पण अगदी हलका द्यायचा, आणि बूस्ट चढायला लागला की तिथेच थांबायचं. पुढचा थ्रॉटल स्टिअरिंग सरळ होईल त्या मापात. टायरची पकड एकच असते, वळण्यात खर्च झाली की जोरासाठी उरत नाही.

शिकेनमधून दुसऱ्या गिअरमध्येच निघा, पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. चाकांवर टॉर्क कमी पडतो, व्हीलस्पिन, म्हणजे चाकांचं जागच्या जागी गरगरणं, आपोआप आटोक्यात येतं.

एक मात्र खरं, थ्रॉटल देणाऱ्या कंट्रोलरच्या ट्रिगरला प्रवासच इतका कमी की बारीक दाब ठेवणं जिकिरीचं होतं. तरी त्यासाठी लगेच गेमिंगचं स्टिअरिंग व्हील घ्यायला धावू नका. गाडी फिरायला लागली की घाबरून ट्रिगर एकदम सोडू नका, वजन पुढे जाऊन मागची बाजू आणखी हलकी होते.