रस्त्याची नोंद करायची आहे: मोजायचं कसं आणि 'खूण' म्हणायचं कशाला?

वळणवाट
साधारण ३०० मीटरचा जुना रस्ता आहे, दुतर्फा घरं आणि दुकानं. दोन्ही बाजूंच्या दर्शनी भागाचा एक लांब पट्टा आणि खुणांचा नकाशा करायचा आहे. हाताशी ३० मीटरची टेप, मोबाइल आणि चार माणसं. तीन ठिकाणी अडलंय. शिडीशिवाय इमारतींची उंची कशी काढायची? फोटो जोडले की भिंती वर निमुळत्या होतात, त्याला काय करायचं? आणि खुणा कशा ठरवायच्या? जुनी, देखणी इमारत म्हणजे खूणच का?

ओळंबा
आधी एका टोकाचा कोपरा शून्य धरा आणि तिथून दर ५ मीटरला फुटपाथच्या कडेवर खडूने रेघ मारा. मग प्रत्येक दार, खांब, झाड 'शून्यापासून ११२.४ मीटर, डावीकडे' असं लिहा. दारं जीपीएसवर टिपू नका. अरुंद रस्त्यात सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि १० मीटरची चूक सहज होते, म्हणजे दोन दुकानं इकडची तिकडे. टेप दर ३० मीटरला उचलून पुन्हा लावताना थोडं थोडं चुकत जातं आणि ते साठतं, म्हणून परत येताना उलट मोजा. दोन मापांत ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा.

उंचीसाठी कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. मध्यबिंदूला दोरा आणि वजन बांधायचं, सरळ कडेवरून इमारतीचा माथा बघायचा आणि दोरा ४५ वर येईपर्यंत मागे सरकायचं. भिंतीपर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची, झाली इमारतीची उंची. ९.५ मीटर अंतर आणि डोळा १.५ मीटरवर, तर ११ मीटर. मागे जागा नसेल तर ६० अंशांवर थांबा, अंतराला १.७३ ने गुणा, मग डोळ्याची उंची मिळवा. इथे बहुतेकांची गफलत होते: आडवं बघताना दोरा ९० दाखवतो, म्हणून ६० अंशांना तो ३० वर हवा. ७० च्या वर जाऊच नका. ७५ अंशांवर एका अंशाची चूक उंचीत सुमारे ७ टक्के होऊन बसते. वरचा मजला मागे सरकवून बांधलेला असेल तर तेवढं भिंतीपर्यंतच्या अंतरात आधी मिळवा, नाहीतर उंची कमी येईल.

कागद १:२०० ला घ्या, दीड मीटरचा पट्टा होतो. १:५०० ला एक मीटरचं दार दोन मिलिमीटरचं उरतं. त्यात काय दिसणार?

चौकट
मोबाइल वर कलला की उभ्या रेषा माथ्याकडे जवळ येतात. तो ओळंब्यात धरा. माथा कापला जात असेल तर समोरच्या पहिल्या मजल्यावरून काढा. दर ४-५ मीटरला भिंतीशी समांतर सरकायचं, आणि एका फोटोचा निदान ४० टक्के भाग पुढच्यात यायला हवा. एका जागी उभं राहून मोबाइल फिरवलात तर पॅनोरमा मिळेल, तो या कामाचा नाही. वाइड लेन्स टाळा. ढगाळ दिवस सगळ्यात उत्तम.

कोपऱ्यावरचा
शेवटच्या प्रश्नाबद्दल: देखणी म्हणून खूण होत नाही. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये लोकांच्या मनातल्या शहराचे पाच घटक मांडले: मार्ग, कडा, विभाग, मिळण्याच्या जागा आणि खुणा. त्यासाठी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या रहिवाशांना आठवणीतून नकाशे काढायला लावले होते. तेच इथे करा. कोरा कागद, १५-२० माणसं, निम्मी राहणारी आणि निम्मी अधूनमधून येणारी. 'इथल्या खुणा कोणत्या' असं मात्र विचारू नका, लोक मानाच्या इमारती मोजून दाखवतात. 'नवख्या माणसाला फोनवरून या टोकापासून त्या दारापर्यंत आणा' असं सांगा. मग खरं बाहेर येतं: निळं दार, वाकलेलं झाड, पाण्याची टाकी. आजूबाजूपेक्षा वेगळी आणि वळायच्या जागी असलेली वस्तू भपक्याला हरवते.

पाडलेल्या किंवा बंद पडलेल्या जागांची नावंही येतील. ती खोडू नका, तुटक रेषेने दाखवा. लोक अजून त्यांच्यावरूनच वळतात. अंधार पडल्यावर हेच पुन्हा विचारा. उत्तरं बदलतात, कारण तेव्हा फक्त उजेडातलं दिसतं.

रस्त्याचा स्वभाव पकडायचा तर १०० मीटरमध्ये दारं मोजा. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांच्या मोजणीत १५ ते २० दारांचा रस्ता जिवंत ठरतो. चालणारा मिनिटाला साधारण ८० मीटर जातो, म्हणजे ५ मीटरच्या दर्शनी भागांमुळे दर चार सेकंदांनी नवं काही दिसतं. ६० मीटरची बंद भिंत आली की पाऊण मिनिट काहीच नाही. शिवाय उंची भागिले रुंदी काढा. १ च्या आसपास रस्ता खोलीसारखा बंदिस्त वाटतो, पाव झाला की मोकळं पटांगण.

वळणवाट
उंची एकसारखी नसेल तर भागाकार कुठला धरायचा? एका बाजूला ४ मजले, समोर बैठी घरं.

ओळंबा
सरासरी नको, ती दोन्ही बाजूंबद्दल खोटं बोलते. दर २० मीटरला आडवा छेद घ्या, दोन्ही उंच्या वेगळ्या लिहा, आणि रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत धरा, फुटपाथच्या कडेपासून नाही.