नुसत्या अडॅप्टरने भागत नाही

नव्या देशात घरचा मिक्सर न्यायचाय, अडॅप्टर लावला की चालेल ना, असं तुम्ही विचारलंय. नाही हो, अडॅप्टरने फक्त पिनांचा प्रश्न सुटतो, व्होल्टेज तेच राहतं. मी 230 व्होल्टची किटली 120 व्होल्टवर लावून पाहिली होती. शक्ती जेमतेम पाव उरते. कितीतरी वेळाने तळाशी बारीक बुडबुडे दिसले. उलटं, म्हणजे 120 ची वस्तू 230 वर, कृपया कधीच करू नका, जळते. चार्जरवर '100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' छापलेलं असेल तर बिनधास्त न्या. व्होल्टेज वेगळं असेल तर 750 वॉटच्या मिक्सरला निदान हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो चांगलाच जड असतो. माझं ऐकाल तर मिक्सर तिथेच घ्या.